पाळ फुटली त्याचे दोन कवी

सौंदडच्या अलीकडच्या एका गावात खेमराज गुरुजी शाळा चालवत. अक्षर मोत्यासारखं, आवाज खणखणीत. १९३६ च्या भादव्यात गावच्या तलावाची पाळ फुटली, अकरा घरं वाहून गेली. महिनाभरात गुरुजींनी त्यावर बहात्तर कडव्यांचा पोवाडा रचला. त्यात सारं गाव खांद्याला खांदा लावून पुराशी झुंजलं होतं. गावच्या जमीनदारानं, मालगुजारानं, त्यांना शेला पांघरवला. लोकांनी माना डोलावल्या.

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली. परसराम सुतारानं त्याच पुरावर दंडार, म्हणजे गावरान नाटक, लिहिल्याचं गुरुजींना तिथंच कळलं. परसराम चौथीपर्यंत शिकलेला, तोही गुरुजींच्याच हाताखाली. अजून ऱ्हस्व-दीर्घ चुकवायचा. इथं यमकं कुठं चुकतात ते मोजायचं म्हणून गुरुजी भरदुपारी पुढच्या रांगेत जाऊन बसले.

दंडारीत कुणीच झुंजलं नाही. सुभद्राबाई लोणच्याच्या बरणीसाठी पाणी भरलेल्या घरात परत शिरली. दोघं भाऊ गळाभर पाण्यात बांधाच्या हद्दीवरून भांडले. लोक पोट धरून हसले. मग आंब्यावर चढलेल्या एका माणसाचा पाय खालून वाहत आलेल्यानं धरला, आणि वरच्यानं तो झटकला. मांडवात चिडीचूप झालं. एक म्हातारा तोंडातला घास तसाच धरून बसला होता. पोवाड्याला असं कुणी बसलं नव्हतं.

घरी येताच गुरुजींनी बायकोला, चंद्रकांताला विचारलं, "खरं सांग. कोणाचं चांगलं?"

"तुमचंबी चांगलंच आहे जी."

"'बी' कायले?"

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या पोवाड्यात बुडणारा माणूसबी शाळेत बोलल्यावानी बोलते."

गुरुजी जेवले नाहीत. पण चंद्रकांताच्या बोलण्यापेक्षा आंब्यावरचा तो माणूस त्यांना जास्त टोचत होता. पुराच्या दुपारी ते शाळेच्या कौलांवर चढले होते. आढं दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते. ज्याच्या आजानं ती पाळ बांधली तो शेतकरी शालीकराम एका वाशाला धरून खालून वाहत गेला, त्यानं हात वर केला. गुरुजींनी आढं सोडलं नाही. शालीकराम पुढं बाभळीला अडकून वाचला. मग आपली ही गोष्ट परसरामला कुणी सांगितली?

सकाळी ते सुताराच्या दारात उभे राहिले. "आंब्यावरचा माणूस कोण रे?"

परसरामनं रंधा खाली ठेवला. "मीच तो, गुरुजी. माह्या साळ्यानं पाय धरला होता. झटकला मी. वाचला तो, पण आता बोलत नाही माह्याशी."

"अन् तू हे साऱ्या गावापुढं मांडलं?"

"मंग दुसरं का मांडू जी? तेच तं झालं होतं."

गुरुजी वळले. काल त्यांना टाळ्यांचा हेवा वाटला होता. आज वाटला तो फार वाईट होता. दोघांनी एकच केलं होतं, आणि एकाच्याच हाताला ते लिहिणं जमलं होतं. आपल्याकडं तर त्याहून चांगलं अक्षर होतं.

आठ दिवस त्यांनी दम धरला. मग शालीकरामच्या बांधावर जाऊन एका दमात सारं सांगून टाकलं. शालीकराम धान कापत होता. तो उठलाही नाही.

"माले मालूम आहे गुरुजी. वाहताना मी तुमच्या डोयात पायलं होतं."

"मंग बोलला काऊन नाहीस?"

"तुमी पोवाडा म्हणून राहिले होते. मंधात कसा बोलू?"

त्यानं पुन्हा विळा चालवला. गुरुजी घराकडं निघाले. मन हलकं झालं असेल म्हणून त्यांनी चाचपून पाहिलं, पण तसं काही नव्हतं. शालीकरामचं ते शेवटचं वाक्य परसरामच्या हाती लागलं तर तो त्याचं काय करेल, हाच विचार त्यांना घरापर्यंत कुरतडत राहिला.