अर्धं आटवलेलं पाणी

गल्लीत कोणालाही विचारा, कॉइलवाल्या काकांची विहीर दाखवतील. जळालेल्या मोटारींमध्ये नवी तार भरणं हा काकांचा धंदा. पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्या आणि परसात विहीर. नळ कोरडे पडले की अर्धी गल्ली तिथे बादल्या घेऊन उभी. काका कोणाला नाही म्हणत नसत, फक्त "कसं आहे पाणी?" हे विचारून स्तुती पदरात पाडून घेतल्याशिवाय सोडत नसत.

त्यांची मुलगी तान्हं बाळ घेऊन माहेरी आली ती परत न जाण्यासाठीच. नवऱ्याने हात उचलला होता आणि सासू शेजारी बसून मटार सोलत राहिली होती. काकी हयात नव्हत्या, त्यामुळे खोदून विचारणारं कोणी नव्हतं. "हे घर तुझंच आहे," एवढंच काका म्हणाले आणि मागची खोली रिकामी करून दिली.

आठवड्याभरात जावयाचा निरोप आला : मुलाची तिकडे आबाळ झाली, तर आम्ही त्याला घेऊन जाऊ. तेव्हापासून बाळाची आबाळ होऊ न देणं हेच काकांचं मुख्य काम झालं. दुकान दुय्यम.

मुलगी तापाने पडली, अंगावरचं दूध कमी झालं आणि बाळ पावडरच्या दुधावर आलं.

"बाबा, पाणी एकदा तपासून घ्या."

"माझ्या विहिरीचं? अगं, याच पाण्यावर तू एवढी मोठी झालीस!"

"तेव्हा तपासलं होतं का कोणी?"

काकांना ते लागलं, पण आरोग्य केंद्रातून ते तपासणीची छोटी बाटली घेऊन आले. पाणी भरून ठेवायचं. काळं पडलं तर खराब. बाटली दुकानाच्या फळीवर राहिली आणि काळी पडली नाही. काकांनी ती येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवली. "बघा, आहे का काळं? पडेलच कसं!" ही बाटली फक्त जंतूंचं सांगते, असं केंद्रातल्या नर्सने मागून बजावलं होतं. पण काका तोवर केंद्राची पायरी उतरले होते.

तरी मुलगी म्हणाली, बाळाला उकळूनच द्यायचं. ते काम काकांनी आपल्याकडे घेतलं. जे करायचं ते पुरतं करायचं, हा त्यांचा खाक्या. इतर कारागीर कॉइलवरचं वार्निश जेवढं भाजत, त्याहून जास्त वेळ ते भाजत. म्हणून त्यांची मोटार पुन्हा दुरुस्तीला येत नसे. पाण्यालाही त्यांनी तोच नियम लावला. पातेलं निम्म्यावर येईपर्यंत गॅस बंद नाही. "एकदा उकळी आली की पुरे हो," मुलगी म्हणायची. "पुरे म्हणणाऱ्यांच्याच मोटारी जळतात," काका म्हणायचे.

एका सकाळी बाळाचे ओठ निळसर दिसले. थंडी असेल म्हणून काकांनी त्याला दुपट्यात गुंडाळलं. दुपारपर्यंत नखंही निळी झाली आणि बाळ रडेनासं झालं. दोघं धावतच दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी बाळाला आत घेतलं आणि काकांना विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेत पिटाळलं.

"नायट्रेट आहे, काका. बरंच जास्त. तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही, म्हणून पोर निळं पडतं," प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या.

"अहो, पण मी उकळून देत होतो! पार अर्धं आटवून!"

बाईंनी चष्मा काढला. "उकळून जंतू मरतात. हे मिठासारखं विरघळलेलं असतं. पाणी उडतं, ते मागे उरतं. अर्धं आटवलंत म्हणजे बाळाच्या पोटात दुप्पट गेलं."

"बाटली काळी पडली नव्हती..."

"त्या बाटलीला हे कळतच नाही." हे मैल्यातूनही झिरपतं, असं सांगून त्यांनी संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे ते विचारलं. काकांनी टेबलापासून दारापर्यंत बोट दाखवलं.

बाळ वाचलं. पण त्याला घरी सोडायच्या दिवशी जावई आणि विहीणबाई गाडी घेऊन हजर होते. विहिरीच्या पाण्याचं त्यांना डॉक्टरांकडूनच कळलं होतं.

"आमच्याकडे नळाचं पाणी आहे हो," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्याइतकं गोड नसेल. पण पोर निळं पडत नाही."

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "तिला कशाला शिक्षा?"

"तिला कोण नेतंय?" जावई शांतपणे म्हणाला. "मी बाळाला नेतोय. तिला यायचं असेल, तर गाडीत जागा आहे."

मुलीने बापाकडे पाहिलं. काकांनी सगळा जीव गोळा केला. "याने हात उचलला होता तिच्यावर."

"हात उचलला," विहीणबाई म्हणाल्या, "विष नाही पाजलं."

मुलगी अजून त्यांच्याकडेच बघत होती. मग तिने बाळाची पिशवी उचलली आणि गाडीत मागे जाऊन बसली.

काका खिडकीशी वाकले. "विकतचं पाणी आणतो. खड्डा बुजवतो. मग येशील?"

"बाळाला सोडतील का ते, बाबा?" ती हळूच म्हणाली. "आणि आता तुम्हीही ते पाणी पिऊ नका."

"मला काय धाड भरणार आहे? मोठ्यांना काही होत नाही म्हणे त्याने."

गाडी सुरू झाल्यावर मुलीने काच वर केली.