मेहुणीचा तारा

टापटीपरावांना जगात एकच दुःख होतं. मेहुणीचा तारा फुटला होता आणि त्यांचा फुटत नव्हता.

दोघंही एकाच संस्थेत पाठीला पाठ लावून बसायचे. संगणकात राक्षसी तारे रचायचे आणि मरताना ते कसे फुटतात ते पाहायचे. गाभा कोसळायचा, आपटायचा, लाट बाहेर उसळायची. टापटीपरावांच्या ताऱ्यात ती वरून कोसळणाऱ्या मालाखाली सरकारी फायलीसारखी अडायची, आणि मग सगळं आत गडप. मेहुणीच्या टेबलावर उष्टे कप, कीबोर्डात बिस्किटाचा भुगा, आणि पडद्यावर असा स्फोट की शेजारच्या खात्यातले लोक बघायला यायचे.

घरीही सुटका नव्हती.

"धाकटीनं फोडला हो," ताट वाढताना बायको म्हणाली. "तुमचं कुठं अडलंय?"

"अडलेलं नाही. विचार चाललाय."

"ताऱ्याचा?"

टापटीपरावांनी ताटातली भाताची मूद बोटानं गुळगुळीत केली.

मोठ्या संगणकावर आता एकाच ताऱ्याला जागा होती. कुणाच्या, ते प्रमुखबाई सोमवारी ठरवणार होत्या. टापटीपरावांनी अख्खा रविवार मेहुणीच्या ताऱ्यात खोट शोधण्यात घालवला, आणि ती सापडल्यावर त्यांना गाढ झोप लागली.

"हिचा तारा आतून खडबडीत आहे," बैठकीत ते म्हणाले. "नुसत्या गुठळ्या. माझा प्रत्येक थर मी स्वतः गुळगुळीत केलाय."

प्रमुखबाईंनी चष्मा काढला. "प्रत्येक?"

"एकूण एक."

"भाऊजी," मेहुणी हळूच म्हणाली, "खरा तारा मरण्याआधी आतून उकळत असतो हो. त्या गुठळ्या खाली पडताना गडबड उडवतात, अडलेल्या लाटेला तेवढीच फट मिळते. तुम्ही फटीच बुजवल्यात."

संगणक मेहुणीला मिळाला. वर तिनं आपल्या पाळीतला थोडा वेळ भाऊजींना दिला, हे तर हरण्याहून वाईट. अट एकच, या वेळी ताऱ्यात गुठळ्या राहू द्यायच्या, त्यांना हात लावायचा नाही. टापटीपराव हात मांडीखाली दाबून बसले.

आणि त्यांचा तारा फुटला. खोलीभर टाळ्या पडल्या. त्यांनी खुर्ची वळवली.

"तुझा केवढ्यानं फुटला होता?"

"जाऊ द्या ना, भाऊजी."

"सांग."

तिनं आकडा सांगितला. टापटीपरावांचा चेहरा उतरला.

"घरी बोलू नकोस."

"ताईला एवढंच कळवलंय, की फुटला."

"मग? काय म्हणाली?"

"तुम्ही मघाशी विचारलंत तेच. 'तुझा केवढ्यानं फुटला होता?'"