ओर्लाला न सांगितलेलं

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. लिहायला बसलो की पहिल्या ओळीनंतर उठतो, चहा करतो, खिडकीतून परदेशातल्या या आमच्या उपनगराच्या, ओंगारच्या एकसारख्या घरांकडे बघत राहतो. आज उठणार नाही.

दोन हजार वीस साल. जवळच्या लिक्सलिप गावातल्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यातली नोकरी सोडली, तर इथं माझं म्हणावं असं एकच ठिकाण होतं — एक छोटा फुटबॉल क्लब. मला खेळता येत नाही. सामन्याच्या दिवशी मी मिकच्या हाताखाली काम करायचो. मिक खेळाडूंचे कपडे-बूट सांभाळायचा. सत्तरी ओलांडलेला, एका कानानं बहिरा. माझ्या खिशात पुस्तक असायचं म्हणून मला प्रोफेसर म्हणायचा. "प्रोफेसर, मोजे सुलटे करायला कुठल्या विद्यापीठात शिकवतात?"

मार्चमध्ये लीग थांबली. पुन्हा सुरू झाली ती रिकाम्या स्टँडसमोर. आम्ही हरत होतो, तळाकडे सरकत होतो — पण आदल्या वर्षीच्या कामगिरीवर युरोपातल्या स्पर्धेचा एक सामना पदरात पडला होता. आमच्याच मैदानावर. प्रेक्षक नाहीत, आत जायची परवानगी मोजक्यांना, त्यांत मिक आणि मी. त्या सामन्याची आम्ही किती वाट पाहिली होती, ते सांगू का? नको. सांगितलं तर स्वतःची बाजू मांडल्यासारखं होईल.

त्या दिवशी सकाळी मी वरणाला फोडणी दिली — आणि हिंगाचा वास आला नाही. डबी नाकाशी धरली. काहीच नाही. त्या वर्षी याचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता?

सामन्याआधी प्रत्येकानं फोनवर एक फॉर्म भरायचा असे. ताप? खोकला? वास जाणं? मी तिन्हींपुढे 'नाही' भरलं. तिसऱ्यापुढे बोट अडखळलं असं म्हणायला आवडलं असतं. अडखळलं नाही.

सामना बरोबरीत राहिला, पेनल्टींवर आला. मिक पेनल्टी कधीच बघत नसे. कपड्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मी दारातून सांगायचं — हा आमचा रिवाज. पण मास्कमधून माझं बोलणं त्याला कळेना. "काढ ते थोबाडावरचं! गोल झाला की नाही?" मी मास्क खाली ओढला, आत गेलो, त्याच्या चांगल्या कानाशी वाकून एकेक किक सांगितली. आम्ही हरलो. तो माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसला.

मी पोट बिघडल्याचं सांगून रजा घेतली. चाचणी केली नाही — केली असती तर उत्तर द्यावं लागलं असतं. दहा दिवसांनी मिक हॉस्पिटलमध्ये होता. सप्टेंबर संपायच्या आत गेला. त्याची शवपेटी क्लबच्या मैदानासमोरून नेली तेव्हा आम्ही रस्त्याकडेला अंतर राखून उभे होतो.

पण सांगायचं आहे ते एवढंच नाही.

मिकला एकच जवळचं माणूस होतं — भाची, ओर्ला. सामन्यानंतरच्या रविवारी ती वाढदिवसाचा केक घेऊन त्याच्याकडे गेली होती, तासभर बसली होती. नंतर तीही आजारी पडली, बरी झाली. अंत्यविधीनंतर तिनं मला फोन केला. "मीच दिला त्याला तो आजार. तिकडे क्लबात तर सगळे ठीक होते ना? तू तर जवळच होतास त्याच्या."

"हो," मी म्हणालो. "सगळे ग्रँड होते." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत.

ती रडली. मी तिची समजूत घातली — कुठल्या तोंडानं?

आजार कुणाकडून कुणाला गेला, हे आता कधीच कळणार नाही. पण तिच्यापुढे दोन शक्यता असायला हव्या होत्या. त्यातली एक मी माझ्याजवळ ठेवून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात थोड्या प्रेक्षकांना आत सोडू लागले. क्लबनं मिकच्या आठवणीखातर ओर्लाला एक कायमची जागा दिली. मी तिच्या शेजारी बसायला गेलो, तर तिनं हात वर केला.

"लांब बस, प्रोफेसर. माझ्यामुळे आणखी कुणाला काही व्हायला नको."

मी दोन खुर्च्या सोडून बसलो, आणि सामना बघितला.