माझ्या अक्षरातली यादी

अन्वी, केदार,

अन्वीने कॉलेजच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध मला वाचायला पाठवला. इंग्रजी चांगलं आहे. दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकलेत, ते कळवलेच. पण त्यात एक वाक्य आहे : माझ्या आजीने आयुष्यभर स्थलांतरित मजुरांची सेवा केली, म्हणून आम्ही परक्या देशात ताठ मानेने राहतो. अन्वी, ते वाक्य काढून टाक. अर्ज जायला अजून आठ दिवस आहेत, म्हणून आत्ताच लिहिते. मराठीत लिहिते. इंग्रजीतही लिहिता आलं असतं, पण मग ते आहे त्याहून बरं दिसलं असतं.

आपल्या गावच्या शाळेच्या पायरीवर एक बाई बसली आहे. आठवा महिना. हातात पहिलीच्या वर्गातली पाटी. पाटीवर सतरा.

"वर धर. हनुवटीखाली," समोर मोबाईल रोखलेला अमोल म्हणतो. तिला मराठी कळत नाही. तो पुढे होऊन पाटी खालून वर ढकलतो. लाकडी कड तिच्या ओठाला लागते. मागे उभी असलेली माणसं हसतात.

"आता डायरेक्ट जेलात टाका," कुणीतरी म्हणतं. पुन्हा हसणं.

तो सतरा माझ्या हातचा होता. पाट्यांची कल्पनाही माझीच.

तुम्हाला माहीत आहे ते एवढंच, की मी सांगलीला दवाखान्यात समाजसेविका होते. पेशंटची कागदपत्रं, बेवारस पेशंटचे नातेवाईक शोधणं, रडणाऱ्या बायकांजवळ बसणं, हे काम. निवृत्त झाल्यावर तुमच्या आजोबांच्या गावी, कडेगाव तालुक्यात, येऊन राहिले. गावाबाहेर सूतगिरणी आहे. तिथे झारखंड-बिहारकडचे लोक काम करतात आणि गावात पत्र्याच्या खोल्या भाड्याने घेऊन राहतात. त्यांच्यातल्या बायका माझ्याकडे येऊ लागल्या. मला हिंदी येतं, दवाखान्याचे कागद वाचता येतात.

फुलमनी त्यातली. पायरीवर बसलेली ती. तिचं पहिलं मूल पोट चिरून झालं होतं आणि चौथ्या दिवशी गेलं होतं. या खेपेला रक्त कमी, पायावर सूज. मी तिला सांगलीला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, प्रवास करायचा नाही, बाळंतपण इथेच मोठ्या दवाखान्यात. तिचा नवरा सोमरा घाबरला होता. मी त्याला म्हणाले, "यहीं होगा. मैं हूँ ना."

ते "मैं हूँ ना" मला अजून ऐकू येतं.

त्याच दिवसांत पोरं पळवणारी टोळी आली आहे असे निरोप फोनवर फिरू लागले. आपल्या गावातलं एकही मूल हरवलेलं नव्हतं. तरी एस.टी. स्टँडवर गिरणीतल्या एका कामगाराने एका मुलाच्या हातात बिस्किट दिलं, तर त्याला चौघांनी मारलं. त्याचा कान फाटला. मग अमोल माझ्याकडे आला. तो ग्रामपंचायतीचा सदस्य. लहानपणी, मी सुट्टीत गावी आले की, माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायचा.

"बाई, ह्यांची नोंद करूया. कोण कुठला, कळाय नगं व्हय? तुमचं अक्षर चांगलं हाय, हिंदी येतंय. तुमी हाय म्हटल्यावर ती बी भेणार न्हाईत."

मला पटलं. खरं सांगते, मनापासून पटलं. मी माझ्या पद्धतीने विचार केला. अनोळखी माणसाची भीती वाटते, ओळख झाली की जाते. म्हणून रीतसर यादी करावी. मी फूटपट्टीने रकाने आखले. नाव, वडिलांचं नाव, गाव, राज्य, फोन, घरमालक. फोटो आणि नावं यांचा घोळ होऊ नये म्हणून शाळेतून पाट्या मागवल्या. दवाखान्यात मी फायलींना असेच नंबर द्यायची. रविवारी सकाळी अठ्ठावीस माणसं आली. माझ्या शब्दावर आली. अंघोळ करून, केसांना तेल लावून. फुलमनीने लग्नातली साडी नेसली होती.

तिच्या ओठाला कड लागली तेव्हा मी समोर टेबलाशी बसले होते. मी पाहिलं. अमोलला "अरे, हळू" म्हणाले. एवढंच म्हणाले आणि अठरा लिहायला घेतला.

संध्याकाळपर्यंत ते फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर होते. वर ठळक मथळा : गावात घुसलेले परप्रांतीय, ओळखून ठेवा. खाली माझ्या यादीचा फोटो. माझे सरळ रकाने.

दुसऱ्या दिवशी फुलमनीची घरमालकीण हौसाबाई माझ्या दारात आली. विधवा बाई, खोलीच्या भाड्यावर जगते. फुलमनीसाठी स्वतः डिंकाचे लाडू करणारी.

"बाई, मी त्येस्नी खोली सोडाय सांगितली."

"हौसाबाई, तिचे दिवस भरत आलेत."

"मला दिसत न्हाई व्हय? पर त्यात माजं बी नाव हाय की. समद्यास्नी कळलं कुणाकुणाच्या घरात ही लोकं हायत त्ये. काल पोरं दारात यून गेली. म्हणली, उद्या काय झालं तर तू जबाबदार." मग खाली बघत म्हणाली, "नाव कशापायी लिवलंसा वो?"

घरमालकाचा रकाना कुणी मागितला नव्हता. यादी पूर्ण दिसावी म्हणून मी घातला होता.

मी ग्रामपंचायतीत गेले. वीस-पंचवीस माणसं होती. मी म्हणाले, फोटो काढून टाका, ती बाई अवघडलेली आहे, निदान बाळंतपण होईपर्यंत कुणालाही खोलीतून काढू नका.

अमोल म्हणाला, "बाई, यादी तुमचीच की. आमी फकस्त फॉरवर्ड केली."

हशा.

मी त्याच्या वडिलांकडे वळले. तानाजीअण्णा. अण्णांनी तीस वर्षं तमिळनाडूत गलाईचं काम केलं, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. आपल्या भागातल्या घराघरातले पुरुष या धंद्यापायी देशभर पसरलेत. तिकडे कुठे चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा अण्णांचं दुकान उघडायला लावायचे. भर बाजारात त्यांना जमिनीवर बसवलं होतं. हे त्यांनी मला स्वतः सांगितलेलं, डोळ्यांत पाणी आणून.

"अण्णा, तुम्ही तरी सांगा यांना."

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "आमची गोष्ट येगळी हाय, बाई. आमी धंद्याला गेलतो."

"आणि हे?"

मागून एक आवाज आला, "बाईस्नी कळवळा येणारच की रं. त्या तरी कुठं हितल्या हायत? जतकडनं मेंढरामागं फिरत आलेलं माहेर त्यांचं."

चाळीस वर्षं मी या गावची सून आहे. मुलांच्या परीक्षेचे अर्ज भरले, बायकांना दवाखान्यात नेलं. तेवढ्यात कुणीतरी कोपऱ्यातली पाटी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "काढ रं, बाईंचा बी फोटो. नंबर एकोणतीस!"

सगळे हसले. अमोलही हसला. ज्याला मी मोठ्याने वाचायला शिकवलं तो.

पाटी खाली ठेवून घरी जाता आलं असतं. मी ती उचलली आणि हनुवटीखाली धरली. "काढ," म्हणाले. तो म्हणाला, "बाई, चेष्टा केली वो." मी म्हणाले, "फुलमनीची केलीस तशीच कर. काढ."

त्याने काढला. मला वाटलं होतं, काढणार नाही. तोही गावाच्या व्हॉट्सॲप गटावर गेला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. याने काही बदललं असं समजू नका. बुधवारी अठ्ठाविसापैकी एकोणीस जणांनी खोल्या सोडल्या.

मी सोमराला म्हणाले, माझ्या घरी चला, बाळंतपण होईपर्यंत राहा. तो गाठोडं बांधत होता. थांबला नाही.

"दादी, आप बोले तो हम नाम लिखवाए. अब आप बोल रही हैं घर चलो." आवाज चढलेला नव्हता. "अब डर लगता है. आपसे भी."

 

मी त्यांच्याबरोबर जीपमधून मिरज स्टेशनपर्यंत गेले. फुलमनीची दवाखान्याची फाइल दिली, वरती इंग्रजीत आणि हिंदीत लिहिलं : आधीचं सिझेरियन, रक्त कमी, तातडीने भरती करा. तीस वर्षांच्या नोकरीत मी अशा शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. गाडी गच्च भरलेली. तिला बसायला जागा मिळाली की नाही ते मला दिसलं नाही. गाडी हलली आणि मी फलाटावर पर्स धरून उभी होते.

नऊ दिवसांनी सोमराचा फोन आला. वाटेतच कळा सुरू झाल्या. मधल्या कुठल्याशा स्टेशनवर उतरवलं. मूल मेलेलं जन्मलं. मुलगी होती. फुलमनीला रक्त चढवलं.

मग तो म्हणाला, "दादी, एक बात पूछना था. वो लिस्ट से हमारा नाम कट जाएगा? दूसरी जगह काम मिला है. वहाँ भी किसी के मोबाइल में आ गया है."

मी खोटं बोलले नाही. नाही कटणार, म्हणाले.

मी पोलीस ठाण्यात, तहसील कार्यालयात, गिरणीत लेखी तक्रार दिली. स्वतःच्या नावाने, माझी चूकही त्यात लिहून. पोच मिळाली. पुढे काही नाही. अण्णा आता मला पाहून रस्ता बदलतात. शिकवणीची मुलं यायची बंद झाली.

गिरणीला माणसं लागतातच. नवी आली आहेत. परवा अमोल पुन्हा आला. कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन, खाली मान घालून.

"बाई, ह्या येळेला नीट करू. फोटो न्हाई टाकत."

"मी लिहिणार नाही."

"मग दुसरं कोन तरी लिवंल."

"लिहू दे. मी त्यांच्या आधी खोल्याखोल्यांतून जाणार आणि सांगणार, गावाला फोटो द्यायची सक्ती कुणावर नाही. देऊ नका. माझं नाव सांगा."

"गाव तुमाला वाळीत टाकंल, बाई."

"टाकू दे."

काल सहा खोल्या झाल्या. आज पाच करीन. गुडघे दुखतात, म्हणून हळू होतं. लोक दार पुरतं उघडत नाहीत. फटीतून ऐकतात आणि लावून घेतात. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी सांगत नाही. मी नियम सांगते आणि पुढच्या दाराशी जाते.

अन्वी, वाक्य काढ. त्या जागी काय लिहायचं ते तू ठरव, पण सेवा हा शब्द नको.

फुलमनी जिवंत आहे. चालते, पण अजून कामावर जात नाही. सोमरा महिन्यातून एकदा फोन करतो आणि नाव निघालं का विचारतो. मी नाही म्हणते.

तुमची,
आजी