पाटापलीकडची बाग

जिजी माणसाला आडनावानं ओळखत नसत, झाडानं ओळखत. "तुम्ही कोपऱ्यातल्या आवळ्याखालचे ना?" असं त्या भर बाजारात एखाद्या रिटायर्ड इंजिनिअरला विचारत, आणि तो बिचारा भाजीची पिशवी सावरत "हो, हो, आमचे आजोबा तिथंच बसत" म्हणे. देवासच्या जुन्या मराठी घरांत कार्तिकात आवळीभोजनाला थोरल्या बागेत जायची रीत होती. आवळ्यांखाली सतरंज्या, पंगती, आणि प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. पहिल्या भेटीत मलाही तोच प्रश्न. मी म्हटलं, "आमचं झाड नाही. बाबा कारखान्यात फिटर म्हणून आले." जिजींनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "म्हणजे बिनझाडाची. बरं. टेप धरता येते?"

मला त्या अजिबात आवडल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

मी त्यांच्याकडे गेले होते ते बागेच्या फाटकावर 'सौंदर्यीकरण' अशी पाटी लागली म्हणून. पत्रकं वाटून मोठी झालेली मी, मला या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. त्याला पाती असतात आणि तो झाडं खातो. पेव्हर ब्लॉक, फूड कोर्ट, गाणारं कारंजं, गाड्यांचं पार्किंग. हरकती मागवल्या होत्या, वर अटही होती की पुरावा द्या, जुन्या बागेत कुठं काय होतं ते दाखवा. संस्थान गेलं तेव्हा बागेचे कागदही गेले, कुठं ते कुणालाच माहीत नाही. तेव्हा गावातली दहाबारा पेन्शनर मंडळी दर शनिवारी स्वखर्चानं बाग मोजू लागली. लोक त्यांना शनिवारवाले म्हणत. कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका जिजी त्यांच्या म्होरक्या.

मोजायची त्यांची तऱ्हा निराळी होती. "बसा. बसल्याशिवाय आठवत नाही," हे त्यांचं पालुपद. गुडघे गेलेल्या एका माजी तहसीलदारांना त्यांनी माझ्यादेखत धुळीत मांडी घालून बसवलं. ते कण्हत बसले आणि एकदम म्हणाले, "जिजी, इथून मला कारंजं दिसायचं. पानावर बसून मी त्याच्याकडेच बघत असे." जिजी ताडकन वळल्या. "ऐकलंत? म्हणजे मधली ही पेरूची रांग तेव्हा नव्हती. लिही गं." असं एकेका घराला आणून, बसवून, कुणाला काय दिसायचं ते विचारून त्यांनी आवळ्यांच्या रांगा, चौथरे, कारंज्याकडे जाणारी वाट असं सगळं कागदावर उतरवलं. म्हातारे जागेवरून भांडत. एक आजी म्हणाल्या, "तुम्ही धाकट्या पातीचे, तुम्हांस थोरल्या पातीच्या बागेत बोलावलं कुणी?" देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं होती, ती विलीन होऊन जमाना लोटला, पण आजींच्या डोक्यात अजून हद्दीवरची जकातनाकी उभी होती. जिजी दोघांनाही गप्प करत. "पाती घरी ठेवा. इथं फक्त बूड टेका."

माझ्या पत्रकांना त्या लाल पेन लावत. मी हिंदी शाळेतली, माझं मराठी त्यांना खड्यासारखं लागे. "'बागेची हत्या थांबवा', पुढं तीन उद्गारचिन्हं. एवढ्यानं काय होतं? किती झाडं, कुठली, ते कुठंय?" मी म्हटलं, लोक चिडायला हवेत. "चिडलेला माणूस घरी जाऊन जेवतो," त्या म्हणाल्या. मी पत्रक चुरगळून त्यांच्या पायांशी टाकलं. त्यांनी ते उचललं, सरळ केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चौथऱ्याची मापं लिहिली. असा राग यायचा!

बागेच्या मधून पाण्याचा दगडी पाट जातो. अलीकडे आवळे आणि कारंजं, पलीकडे मोटेची विहीर, जांभळी, आंब्याची गर्द राई. नकाशा जवळजवळ झाला तरी पाटापलीकडे कागद कोराच. मी विचारलं, "जिजी, तिकडचं काय?"

"तिकडे कुणी बसत नसे."

"कुणीच नाही?"

"सांगितलं ना. टेप गुंडाळ."

सुनावणीला नगर निगमचे साहेब फार गोड बोलले. "मैडम, नक्शा क्या सुंदर बनाया है आपने!" निकाल लागला. ऐतिहासिक भाग, म्हणजे आवळे, चौथरे, कारंजं, यांना हात लावायचा नाही. शनिवारवाल्यांनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. निकालाची शेवटची ओळ कुणी वाचलीच नव्हती. पार्किंग आणि फूड कोर्ट 'नक्शे में दर्शाई रिक्त भूमि पर'.

दोन दिवसांनी विहिरीपाशी जेसीबी उभी राहिली. मी आडवी गेले तर ड्रायव्हर हसला. "ठेकेदार भिया से पूछ लो दीदी, मेरेको तो जो खाली दिखाया है वो खोदना है. नक्शा तो तुम्हारा ही है." पहिल्या झटक्यात दोन जांभळी गेल्या.

बागेमागं बागवान मोहल्ला आहे. ज्यांच्या पिढ्यांनी ती मोट ओढली, आळी केली, आवळे राखले, त्यांची घरं. कार्तिकात पंगती उठल्या की ही माणसं पाटापलीकडे, जांभळीखाली जेवायला बसत. हे मला त्या संध्याकाळी कळलं. मोहल्ल्यातली रुक्माबाई जिजींच्या ओसरीसमोर उभी राहून बोलत होती, आणि अख्खी गल्ली ऐकत होती.

"मास्टरनी बाई, तुम्हारे नक्शे में आँवले हैं, फव्वारा है, तुम्हारे दादा के बैठने की जगह है. हम कहाँ हैं? मेरे ससुर उस कुएँ पे बैल हाँकते-हाँकते मरे. तुमने उनकी जगह गाड़ियों को दे दी!"

जिजी दारात उभ्या होत्या. माफी मागितली नाही, आत या म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "कुठल्या जांभळीखाली बसायचात?"

"जो आज गिरी!" रुक्माबाई म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जिजींनी शनिवारवाल्यांना बोलावलं आणि सांगितलं की आपण नकाशा मागं घेतो आहोत. तिथला गोंधळ मी विसरणार नाही. बँकेतून रिटायर झालेले एक काका तर ओरडलेच. "जिजी, नकाशा मागं घेतलात तर आवळ्यांचीही सूट जाईल! आपले आवळे वाचलेत. गप बसा ना आता."

"आपले कधीपासून झाले? पाणी तुम्ही घातलंत?"

"अहो, पण व्यवहार म्हणून काही असतो की नाही?"

"असतो. तो निकालाच्या दिवशीच झाला. पेढे खाल्लेत तुम्ही." आणि माझ्याकडे बोट, "हिनंही."

साहेबांसमोर त्या एकट्या उभ्या राहिल्या. मी मागं. साहेबांना उकळ्या फुटत होत्या. "मतलब मैडम, आपका आधा नक्शा गलत है?"

"आधा नहीं. आधी जगह छुपाई है, तो पूरा गलत है. मैंने बनाया, मेरी गलती. लिख लीजिए."

साहेबांनी आनंदानं लिहून घेतलं. निकाल रद्द. आवळ्यांवरची सूट गेली, पण त्याच कागदानं जेसीबीही थांबली. नवा नकाशा येईस्तोवर कुणीच कशाला हात लावायचा नाही. शनिवारवाले त्या दिवसापासून यायचे बंद झाले. "म्हातारपणी डोकं फिरलं," असं सांगत गावभर हिंडले. ज्यांना जिजींनी धुळीत बसवून बालपण परत दिलं, तीच माणसं रस्त्यात त्यांना पाहून पलीकडच्या बाजूला होत. भेकड कुठले.

मग जिजी मोहल्ल्यात जाऊ लागल्या. त्या आणि मी. रुक्माबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "पूछना है तो पूछो. बैठने को नहीं बोलूँगी." जिजी उभ्याच राहिल्या. सत्तरी उलटलेली बाई, संधिवाताचे गुडघे, भिंतीला टेकायचं नाही की काठी मागायची नाही. दारोदार उभं राहून विचारायचं, मोट कुठल्या अंगाला चाले, कैऱ्या कुठं उतरवत, भेरूजीचा, म्हणजे त्यांच्या भैरवाचा, ओटा कुठं होता. कुणी उत्तर देई, कुणी दार लावून घेई. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "आज याद आई?" जिजी म्हणाल्या, "हो, आजच आली. सांगा." मी चिडले की मला गप्प करत. "त्यांचं दार आहे. लावतील, नाहीतर उघडतील."

नकाशा पुरा झाला. मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या सह्या व्हायच्या होत्या. रुक्माबाईनं अट घातली. मास्टरनीचं नाव त्यावर असेल तर मोहल्ल्यातली एकही सही नाही. मी तिच्याशी कडकडून भांडले. हे सगळं कुणी केलं, कुणाचे पाय सुजले? जिजींनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःचं नाव स्वतःच खोडलं. "ओरडू नकोस," त्या म्हणाल्या, "शाई ओली आहे, पसरेल."

दुसऱ्या सुनावणीत पार्किंग बागेबाहेर गेलं. आवळे राहिले, विहीर राहिली, राई राहिली. पाटीवर साहेबांचे आभार आहेत आणि 'जागरूक वरिष्ठ नागरिक' म्हणून शनिवारवाल्यांचे. जिजी त्या पाटीवरही नाहीत. पाटी लागली तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्याच थंडीत गेल्या.

शनिवारवाले स्मशानात मोठाले हार घेऊन आले. मी म्हटलं, परत न्या. काका म्हणाले, तू कोण सांगणारी? भांडण झालं, चांगलं दणदणीत, जिजींच्या देहासमोर. मोहल्ल्यातलं मात्र एकही माणूस आलं नाही, आणि माझा सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर होता. एवढी उभी राहिली ती तुमच्या दारात, आणि तुम्हांला चार पावलं चालवलं नाही?

तेराव्यानंतर विहिरीपाशी रुक्माबाई भेटली. तिनंच आधी विचारलं, "मास्टरनी दिखती नहीं आजकल. बीमार है क्या?"

मी सांगितलं. ती काठावर मटकन बसली. मग वर बघून म्हणाली, "पूरे गाँव को खबर दी होगी. हमको किसने दी?"