गुरुवारचा रकाना

स्फाक्स शहरात लमजद त्रिकी नेमकं काय काम करतो हे धड कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याबद्दल त्यानं कुणाला दोषही दिला नाही. खालचा कॅफेवाला हमादी कॉफी पुढे सरकवताना रोज विचारायचा, "काय रे, झालं का तुझं इंटरनेट दुरुस्त?" आणि उत्तराची वाट न बघता मेहुण्याचा बिघडलेला प्रिंटर टेबलावर आणून ठेवायचा. लमजदला प्रिंटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही, म्हणून तो खटपट करून प्रिंटर चालू करून द्यायचा.

पोटापाण्यासाठी तो दोन दवाखान्यांच्या वेबसाइट सांभाळायचा. उरलेला वेळ एका ब्राउझरच्या इंजिनाला द्यायचा, तोही फुकट. पानावरचा कुठला मजकूर कुठे बसवायचा हे जो भाग ठरवतो, तो म्हणजे हे इंजिन. जगभरातली शंभरेक माणसं मिळून ते सांभाळतात आणि जन्मात एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. आई गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या घरात लमजद एकटाच होता. बहीण शुक्रवारी फोन करून जेवलास का विचारायची, बाकी आठवडाभर घरात बोलणं म्हणून नव्हतं. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. सांगणाऱ्यांच्या घरी माणसं असतात. लमजद शेहेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याला ती सवय झाली नव्हती.

एका जानेवारीत त्यानं नऊ वर्षं धूळ खात पडलेली एक तक्रार उचलली. ती सीमेपलीकडच्या, अल्जीरियातल्या वादी सूफच्या मबरका नावाच्या शिक्षिकेनं नोंदवली होती. शाळेचं वेळापत्रक अरबीत, म्हणजे उजवीकडून डावीकडे जाणारं. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, म्हणून रविवार उजव्या टोकाला, गुरुवार डाव्या. तक्ता पडद्यापेक्षा रुंद झाला की डावीकडचा शेवटचा रकाना कापला जायचा, मग कितीही सरकवा, तो काही दिसायचा नाही. तक्रारीखाली अकरा जणांनी "आमच्याकडेही असंच" एवढं लिहून हात झटकले होते.

दुरुस्तीचे प्रयोग पाठवले तर उघडून बघाल का, असं लमजदनं तिला मेल करून विचारलं. तासाभरात, तिकडच्या रीतीनं नावाआधी आदराचा 'सी' लावून, उत्तर आलं, "पाठवा, सी लमजद. वय सत्तावन्न आहे, पण माऊस धरता येतो."

मग ते चक्र सुरू झालं. लमजद इंजिनात कुठेतरी बदल करायचा, संगणक तीन तास घरघर करून नवा ब्राउझर तयार करायचा, आणि क्रमांक टाकून तो बाईंकडे रवाना व्हायचा. "अजून कापलेलंच आहे," असं उत्तर यायचं. खाली आणखी दोन ओळी असायच्या. वाळूचं वादळ आलं, खिडक्यांना ओली फडकी लावली. पाचवीच्या मुलींनी माझ्या खणात खजुराच्या बिया लपवल्या. शेजारीण वारली, तिची मांजर आता माझ्याकडे राहायला आली. लमजद आधी त्या दोन ओळी वाचायचा आणि मग वरची.

चौदाव्या प्रयोगानंतर, एका मंगळवारी सकाळी, त्याला चूक सापडली. रुंदी मोजताना एका ठिकाणी इंजिन सुरुवात म्हणजे डावी बाजूच असं धरून चाललं होतं. सगळी दुनिया जशी काही डावीकडूनच लिहिते. बदलायची ती एक ओळ. त्यानं बदलली, सगळ्या चाचण्या पार पडल्या, आणि आनंद व्हायचा तर तो ती पाठवायचं सोडून खुर्चीतच बसून राहिला. दुरुस्ती पाठवली की तक्रार बंद होणार होती, आणि तक्रार बंद झाली की बाईंना मेल करायचं काही कारणच उरणार नव्हतं.

त्यानं पुढे जे केलं ते सांगायला बरं वाटत नाही. जुनाच ब्राउझर त्यानं पंधरा क्रमांक टाकून पाठवून दिला. मग सोळा, मग सतरा. तिकडे मुली गुरुवारचे तास चुकवत असतील हे त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं, तरी पाठवला. सतराव्याला बाईंचं उत्तर आलं, "अजून कापलेलंच. पण तुम्ही खचू नका. आज पहाटेच्या नमाजात मी तुमच्यासाठी दुआ मागितली."

लमजदला स्वतःची किळस आली. पुढ्यातला जवाचा पाव त्यानं तसाच झाकून ठेवला आणि त्या दुपारी खरी दुरुस्ती इंजिनाच्या प्रकल्पाकडे तपासायला पाठवली. कॅनडातल्या कुणा परीक्षकानं तीन दिवसांनी "मान्य" असा एक शब्द लिहिला, आणि नऊ वर्षांची तक्रार आपोआप बंद झाली. दुरुस्त झालेला ब्राउझर लमजदनं त्याच संध्याकाळी बाईंकडे रवाना केला. त्यानं खाली जाऊन हमादीला सांगितलं. हमादी म्हणाला छान, आणि मेहुण्याचा कागद परत अडकलाय.

दुसऱ्या दिवशी बाईंची मेल आली.

"गुरुवार पूर्ण दिसतो. फक्त त्याच्या डावीकडे आता एक रिकामा रकाना दिसतोय. तो मीच सहा वर्षांपूर्वी घातला होता, कापायचंच असेल तर गुरुवारऐवजी तो कापला जावा म्हणून. आता काढू ना?"

लमजदनं ती मेल तीनदा वाचली. म्हणजे गेली सहा वर्षं मुलींचा गुरुवार शाबूत होता, कापला जात होता तो नुसता रिकामा रकाना. बाईंना त्याच्या एकाही प्रयोगाची गरज नव्हती. तरी सतराच्या सतरा त्यांनी उघडून बघितले होते.

त्यानं लिहिलं, "काढा, बाई. आणि एक कबूल करायचंय. पंधरा, सोळा, सतरा, तिन्ही जुनेच होते. मला माफ करा."

त्या दिवशी उत्तर यायला तीन तास लागले. संगणक गप्प होता, करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो खिडकीशी उभा राहून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मोजत राहिला. मेल आली तेव्हा त्यानं सवयीनं आधी खालच्या दोन ओळी वाचल्या. मांजर व्याली होती. चार पिल्लं झाली होती, त्यातलं एक अशक्त होतं.

मग त्यानं वरची ओळ वाचली.

"ठाऊक होतं. क्रमांक बदलला, पण फाइलचा आकार तेवढाच राहिला, एका आकड्याचाही फरक नाही. मी गणित शिकवते, सी लमजद. मला वाटलं, तुम्हालाही घाई नसेल."