संग्रहाच्या खोलीत एक दुपार

लग्नानंतर वर्षाच्या आतच नवरा विषमज्वराने गेला. वडिलांनी हिंमत धरून मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात घातलं आणि तिथून परत आले ती रत्नागिरीला, सासरीच. मुलींच्या शाळेत नोकरी करायला मामंजींनी परवानगी दिली, पण घर ते शाळा आणि शाळा ते घर एवढीच. वाटेत मान वर करायची नाही, परक्या पुरुषाशी बोलायचं नाही. "या घराकडे बोट दाखवायला कुणाला जागा मिळता कामा नये," एवढंच ते म्हणाले. आवाज चढवून बोलायची त्यांना कधी गरज पडली नाही.

शाळेत वस्तुपाठाचा तास असे. वस्तू मात्र नसत. एक फाटका तक्ता, दोनचार शिंपले आणि एक भिंग, ते मोठ्या बाईंच्या कुलपात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मुलांच्या हायस्कुलात शास्त्राच्या मास्तरांनी बरीच वर्षं खपून एक वस्तुसंग्रह उभा केल्याचं त्यांच्या कानावर होतं. त्यांनी खटपट करून आमच्या मुलींना तो बघायची परवानगी मिळवली. अट अशी की रविवारी यायचं, इमारतीत एकही मुलगा नसताना. मामंजींना विचारायलाही त्या स्वतः घरी आल्या. मामंजी त्यांना नाही म्हणू शकले नाहीत.

चैत्र होता. शिपायाने दार उघडून दिलं आणि तो बाहेर पडवीत बसला. दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दगड, खनिजं, शंख, पक्ष्यांची अंडी. आतल्या खोलीत स्पिरिटच्या बरण्यांतले साप, पेंढा भरलेलं रानमांजर, आणि कोपऱ्यात एक बिबट्या. मुली आधी दारातच घुटमळल्या. मग एका खलाशाच्या मुलीने पुढे होऊन बिबट्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मेलेला हाय ओ बाई, या." तेव्हा सगळ्या आत शिरल्या. त्या दिवशी त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की वर्गात वर्षभरात विचारले नसतील.

मोठ्या बाईंनी आपल्या वर्गाच्या मुली आधी बाहेर काढल्या आणि त्यांना घेऊन त्या निघून गेल्या. मी आणि माझ्या वर्गाच्या मुली अजून आतल्या खोलीत होतो. शिपायाने मुलींचा घोळका फाटकातून जाताना पाहिला, सगळ्या गेल्या असं धरलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि तो आपल्या वाडीवर जेवायला गेला. हे नंतर कळलं. तेव्हा मला फक्त कडीचा आवाज आला.

दार ठोठावून हात लाल झाले. इमारत रिकामी होती. बाहेरच्या खोलीला एकच खिडकी, गजांची, मागच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांकडे उघडणारी. चिऱ्यांच्या भिंती तापल्या होत्या आणि डांबराच्या गोळ्यांचा वास डोक्यात चढत होता. मी मुलींना खाली बसवून शंखांबद्दल सांगत राहिले. त्यांना सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. तेवढ्यात एक लहान मुलगी उलटी करू लागली. तिचं अंग थंडगार पडलं होतं.

मी खिडकीशी गेले. पाखाडीवरून एक गृहस्थ खाली उतरत होते. मामंजींचे स्नेही. देवळात रोज शेजारी बसणारे, आमच्या घरी सणासुदीला जेवणारे. ओळखीचे आहेत म्हणून मला धीर आला.

"अहो काका! आम्ही आत कोंडले गेलोय. शिपायाला बोलवा ना."

ते थांबले. वर पाहिलं. मला ओळखलं हे मला स्पष्ट दिसलं. मग उपरणं नीट केलं आणि एक शब्द न बोलता आले तसे परत वर चढून गेले.

"बाई, त्यांना ऐकू गेलं ना?"

"गेलं."

आम्ही वाट पाहत राहिलो. कुणी आलं नाही. लहानगीला आता बसवतही नव्हतं, मी तिला मांडीवर घेतलं होतं. खलाशाच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. "मी आवाज देऊ काय ओ बाई?"

"दे."

ती टेबलावर चढली आणि किनाऱ्यावरून होडीला हाक मारतात तशी हाक तिने मारली. दुसऱ्या हाकेला एक मासेवाली रिकामी पाटी डोक्यावर घेऊन वर आली. तिने खिडकीतून आत पाहिलं, "अगो माझे आये!" म्हणाली, आणि काही न विचारता शिपायाच्या वाडीकडे पळत सुटली.

दार उघडलं तेव्हा शिपाई रडकुंडीला आला होता. आणि त्याच्या मागे, आवारात, मामंजी उभे होते. शेजारी ते गृहस्थ. तुमची सून मुलांच्या शाळेच्या खिडकीतून रस्त्यावरच्यांना हाका मारते आहे, एवढं ते सांगून आले होते. मामंजी आले होते ते मला घेऊन जायला. किल्लीची चौकशी दोघांपैकी कुणीच केली नव्हती.

मुलींना घरोघर पोचवण्याचं काम त्या मासेवालीनेच केलं. मला मामंजींनी मागे वळूनही पाहू दिलं नाही.

घरी मामंजी झोपाळ्यावर बसले. "हाक कुणाला मारलीस?"

"त्यांनाच. ओळखीचे म्हणून."

"ओळखीचे म्हणूनच मारायची नव्हतीस."

"पोरगी उलट्या करत होती, मामंजी."

"दार आज ना उद्या उघडलंच असतं."

 

त्यानंतर माझी शाळा बंद. आंब्याचा हंगाम सरला, पाऊस लागला, मी माजघरात बसून वाती वळत होते. शाळा भरल्याची घंटा घरापर्यंत ऐकू यायची. सासूबाई तेवढ्यापुरतं मला मागच्या अंगणात काहीतरी काम सांगायच्या. त्यात दया होती की धाक, हे मी कधी विचारलं नाही. शेवटी मोठ्या बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी विनंती केली नाही, भांडल्या. जबाबदारी माझी होती, पोरी मोजल्या नाहीत त्या मी, शिक्षा तिला का, असं त्यांनी मामंजींना तोंडावर विचारलं. मामंजींनी ऐकून घेतलं आणि मला परत पाठवलं. सहलीला जायचं नाही, आणि जाता-येता घरची मोलकरीण सोबत, अशा दोन अटी वाढल्या.

तिकडे हायस्कुलानेही मुलींना पुन्हा बोलावलं नाही. खलाशाची मुलगी अधूनमधून विचारायची, "बाई, परत कधी जायचं?" मी म्हणायची, "बघू." पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊन ती दापोलीकडे गेली.

मोलकरीण वयस्क होती, तिचे गुडघे दुखायचे. चढाव आला की ती वाटेकडेच्या गडग्याच्या दगडांवर टेकायची आणि पदराने वारा घेत बसायची. तिला सोडून पुढे जायची मला मुभा नव्हती. मी तिच्याजवळ उभी राहायची, पायाकडे बघत, ती उठेपर्यंत.